पहिला आकडा

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, गोदामावरच्या ऑफिसात
मी दर काढते.
एक चौरस मीटर भिंतीला वाळू किती, सिमेंट किती,
गवंड्याचे तास किती,
उन्हाळ्यात दुपारचं काम बंद, त्याचे किती टक्के,
फुटणाऱ्या फरशांचे किती.
रास अल खैमाहच्या खडीचा ट्रक आज काय भावाने आला
ते झोपेतून उठवून विचारा.

नऊ वर्षं. सहा हजार दोनशे दिरहॅम.
त्यातले दोनशे चौथ्या वर्षी लागले,
कोणीतरी सोडून गेला, त्याचा पार्किंगचा भत्ता.
माझ्याकडे गाडी नाही.

मंगळवारी प्रिंटरवर माझ्या टेंडरखाली
एक पत्र निघालं, कॉलिनचं.
मार्चमध्ये आलेला कॉलिन,
ज्याच्या बेरजा मी रोज संध्याकाळी दुरुस्त करते,
पेन्सिलीने, त्याला वाईट वाटू नये म्हणून.
मी कागद उलटा ठेवला.
आकडा काही उलटा झाला नाही.
एकोणीस हजार.

रात्री वाक्य जुळवायला बसले
आणि 'मागणे'पाशीच अडले.
भीक मागतात. देवाकडे मागणं मागतात.
मुलीला मागणी येते, तेव्हा मुलीने आत चहा टाकायचा असतो.
पण हिशोबही मागतातच की.
इंग्रजीत जुळवून पाहिलं,
तर प्रत्येक वाक्य सॉरीने सुरू होत होतं.

म्हणून वाक्य सोडलं आणि रेट काढला. माझाच.
शारजाच्या शाळेच्या टेंडरात पकडलेली चूक, अठरा लाखांची.
रमजानातल्या रात्रपाळ्या.
भावाचं लग्न, जे मी फोनवर पाहिलं, त्यालाही एक ओळ दिली,
रकाना कोरा ठेवला.
फूटतूट तीन टक्के.
नफा.
इथे पेन्सिल थांबली. मजुरीवरचा नफा नेहमी ठेकेदाराचा असतो.
दहा टक्के लिहिले. खोडले.
परत लिहिले.

मुरूडच्या बाजारात आई उकिडवी बसायची
पापलेटांच्या वाट्यांमागे.
गिऱ्हाईक वाकून म्हणायचं, बोल, किती देऊ?
"भाव मी सांगन. तू नुसता आयक."
पहिला आकडा तिचाच. मग गप्प.
अशी गप्प, की मीठ विकणारीसुद्धा वळून बघे.
मी शाळेच्या गणवेशात तिच्या मागे,
शरमेने अर्धी. कमी कर ना गं, दहा रुपयांनी काय होतंय.
माझी कंपासपेटी त्या दहा-दहा रुपयांतूनच आली,
हे गणित मला सुटायला
किती वर्षं लागली.

गुरुवारी साडेअकरा.
घस्सान सरांनी स्वतः गहवा ओतला.
"ही कंपनी एक कुटुंब आहे, मिस जया," ते म्हणाले,
मी तोंड उघडायच्या आत.
माझं नाव जयवंती.
मी म्हटलं, "चौदा हजार."

आणि गप्प बसले.

एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
खाली फोर्कलिफ्ट मागे येत होती, टीं टीं टीं.
कुटुंबाबद्दल मला पुष्कळ बोलता आलं असतं.
जीभ दातांमागे धरून ठेवली.

"नऊ," ते म्हणाले. "तेही तू आहेस म्हणून."

आई अशा वेळी भांडत नसे.
वाट्यावर ओलं फडकं टाकी,
टोपली डोक्यावर घ्यायला एक गुडघा वर करी.
नुसता गुडघा.

मी फाइल मिटली. पेन्सिल उचलली.
"बस, बस जरा," ते म्हणाले,
आणि दल्ला पुन्हा हातात घेतला.

इथली रीत आहे: पुरे झालं की रिकामा फिंजान
बोटांत जरासा हलवायचा, म्हणजे ओतणारा थांबतो.
नऊ वर्षं मी पहिल्याच घोटाला हलवत आले.

आज पुढे धरला.
हात स्थिर होता म्हणणार नाही.
पण हलवला नाही.